असू दे, लागंल

कंधारला किल्ला आहे. किल्ल्याभोवती खंदक आहे. राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे, म्हणजे नावापुरता का होईना, समुद्रसुद्धा आहे. रेल्वे मात्र नाही. रूळ बघायचे तर नांदेड गाठावं लागतं. पूर्वी रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा यायचा. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पेपर उलगडून आम्ही आमच्या गावाचं नाव शोधायचो आणि ते नाही हे कळलं की निवांत चहा प्यायचो. २०१७ पासून तो मोठ्या अर्थसंकल्पातच मिसळला. तेव्हापासून आपल्याला काय मिळालं नाही हे शोधायलाही जास्त पानं चाळावी लागतात.

तरीपण रेल्वे माझ्या आयुष्यात पहिलीपासून आहे. आमच्या शाळेपुढच्या लिंबाच्या फांदीला रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता. तीच आमची घंटा. शिपाईमामा लोखंडी दांड्यानं ती अशी हाणायचे की लिंबावरचे कावळे पाचवा तास संपला हे आमच्याआधी ओळखायचे. हेडमास्तर सांगायचे, हा निजामाच्या गाडीचा रूळ आहे. निजामाची गाडी म्हणजे मनमाडहून नांदेडवरून हैदराबादला जाणारी मीटरगेज, १९०० च्या सुमाराची. तिचा तुकडा कंधारच्या लिंबाला कसा लागला हे त्या काळात कुणी विचारलं नाही. रूळ झिजतात, बदलले जातात, आणि बदललेले रूळ पुढं कुठं जातात हे ज्याला बघायचं असेल त्यानं मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या छताकडं मान वर करून बघावं. एकूण काय, आमच्या गावात गाडी कधी आली नाही, पण आम्ही दहा वर्षं रुळाच्या आवाजावर धावलो. तेही वेळेवर.

माझे साडू लातूरचे. त्यांचे वडील बार्शी लाईट रेल्वेवर नोकरीला होते. त्यामुळं आमच्या सासुरवाडीत साडूंना जो मान आहे तो मला नाही. ते 'रेल्वेच्या घरातले' आणि मी 'कंधारकडचा'. दर दिवाळीला ते मला विचारतात, "मग, तुमच्याकडं कधी येणार गाडी?" हा प्रश्न ते गाडी मीच कुठंतरी अडवून धरल्यासारखा विचारतात.

साडूंचं घर एकदा नीट बघण्यासारखं आहे. उंबऱ्याला सागवानी स्लीपर. माळवदाला आधार रुळाचा. तुळशीपाशी जो दिवा लावतात तो सिग्नलचा कंदील, एका बाजूला लाल काच, दुसऱ्या बाजूला हिरवी. वारं आलं की कंदील फिरतो आणि तुळस कधी थांबा म्हणते, कधी जा म्हणते. आमच्या मेहुणीनं लोणच्याच्या बरणीतल्या फोडींवर दाब म्हणून फिशप्लेट ठेवलीय, खालून चिनी मातीची बशी लावून. दोन रूळ सांधायला केलेली ती पट्टी तीस वर्षं कैऱ्या दाबून धरते आहे. यातलं एकही काम रेल्वेनं सांगितलेलं नाही. पण वस्तू घरात आली की तिला काम लागतंच, आणि काम लागेपर्यंत तिच्याकडं बोट दाखवून एकच मंत्र म्हणायचा असतो: असू दे, लागंल.

रेल्वेनं घरांना काय दिलं ते मला असं माहीत होतं. घरांनी रेल्वेला काय दिलं ते गेल्या लग्नसराईत कळलं.

साडूंच्या भाचीचं लग्न बार्शीला होतं. बायकोला गुडघ्यामुळं प्रवास जमणार नव्हता. निघायच्या आदल्या रात्री तिनं माझ्यापुढं एक गठुडं आणून ठेवलं. जुन्या चादरीचं, चारी टोकांना गाठ मारलेलं. मला वाटलं, आहेर.

"आहेर नाही. माळा आवरला. वाटेत कुठंतरी नीट ठेवून या."

आत मिक्सरची दोन भांडी होती. त्यांचा मिक्सर जाऊन आठ वर्षं झाली. एक इस्त्री होती, जी कपड्यांना सोडून सगळ्यांना चटका देत असे. दोन रिमोट होते, ते कुठल्या टीव्हीचे यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. कुकरचं झाकण होतं, खालचा कुकर नव्हता. शिवाय प्लास्टिकच्या गुलाबांचा गुच्छ, ज्यावर इतकी धूळ बसली होती की तो खरा वाटावा.

भंगारवाल्याला का दिलं नाही, असं मी विचारलं. तर ते आधीच झालं होतं. आमच्या गल्लीत भंगारवाल्याचा शब्द शेवटचा, त्यापुढं अपील नाही. तांबं, पितळ, लोखंड, रद्दी तो घेतो. जुने कपडे भांडेवाली घेते आणि बदल्यात एवढीशी वाटी देते. या दोघांनी नाकारलेली वस्तू म्हणजे मग वस्तूच नव्हे. हे गठुडं बघून भंगारवाला बायकोला म्हणाला होता, "काकू, हे मलाच कुठंतरी नेऊन टाकावं लागंल. वीस रुपये द्या." बायकोला वीस रुपयांचं वाईट वाटलं नाही, 'टाकावं' या शब्दाचं वाटलं.

इथं एक खुलासा करतो. आमच्याकडं कुणी काही टाकत नाही. टाकणं हा कंटाळलेल्या माणसाचा उद्योग. आपण ठेवतो. आधी कपाटावर ठेवतो, मग माळ्यावर, मग गच्चीवर पत्र्याखाली, मग जिन्याखाली, आणि शेवटी गावाबाहेर. अंतर वाढत जातं, क्रियापद तेच राहतं. मांजराची पिल्लंसुद्धा आपण टाकत नाही, 'सोडून येतो'.

गठुडं घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टरनं गठुड्याकडं बघून "लग्नाला का?" असं प्रेमानं विचारलं आणि त्याचं तिकीट काढलं नाही. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा बाकाखाली ते सरकवून द्यावं असं मनात आलं होतं. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, बेवारस वस्तूंना हात लावू नका, पोलिसांना कळवा. इस्त्रीची वायर चादरीतून बाहेर लोंबत होती. मी गठुडं मांडीवर घेतलं आणि लातूरपर्यंत लेकरासारखं धरून बसलो.

लातूरहून पुढं साडूंची गाडी. मुरूड मागं पडलं आणि साडूंची बार्शी लाईट सुरू झाली. ती एकदा सुरू झाली की मधल्या स्टेशनांवर थांबत नाही. पण माणूस खोटं सांगत नाही, म्हणून ऐकण्यासारखं असतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं ही लाईन डोक्यात घेतली. रूळ अडीच फुटी. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असे डबे, म्हणजे हलके रूळ चालतात आणि खर्च कमी. १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडहून बार्शीपर्यंत गाडी आली. १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूरपर्यंत गेली, १९११ मध्ये इकडं लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये तिकडं मिरजेला. मिरज ते लातूर सव्वातीनशे किलोमीटर, सगळी नॅरोगेज. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी विकत घेतली.

"आणि हाच कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारायची छत्री करत बसला," साडू म्हणाले. हे खरं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं पॅराशूट केलं आणि त्याला 'गार्डियन एंजल' असं नाव दिलं. बार्शी लाईटमधून उतरायला पॅराशूटची गरज कधी पडली नाही. येडशीच्या घाटात माणसं चालत्या गाडीतून उतरायची, रामलिंगाला हात जोडायची आणि पळत येऊन पुढच्या डब्यात चढायची, असं साडूंचे वडील सांगत. प्रत्येक छोट्या गाडीबद्दल असं कुणाचे ना कुणाचे वडील सांगत असतात. पण म्हाताऱ्या गाडीचाही म्हाताऱ्या माणसासारखाच थोडा मान ठेवावा, म्हणून मी मान डोलावली.

मग ब्रॉडगेज आली. २००७ मध्ये लातूरकडून उस्मानाबादपर्यंत आणि २००८ मध्ये पुढं कुर्डुवाडीपर्यंत. उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव. जुनी गाडी या जिल्ह्याच्या गावाला टाळून जात होती, नवी तिकडून वळवून नेली. आता वळण घेतलं की जुनी वाट मागं राहणारच. रूळ उचलले, स्लीपर उचलले, पण भराव उचलून कुठं नेणार? दगडी मोऱ्या, ओढ्यावरचे खांब, घडीव चिऱ्यांच्या भिंती राहिल्या. वर रूळ नाही, खाली बऱ्याचदा पाणी नाही, मध्ये पूल आहे. कुणातरी साहेबानं फाईलवर बहुतेक इंग्रजीत तेच लिहिलं असणार: असू दे, लागंल.

इंग्लंडात त्याच कॅलथ्रॉपची दुसरी एक गाडी होती, लीक आणि मॅनिफोल्ड नावाची, हिच्याच वळणाची. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. तिकडच्या लोकांनी रूळ काढून तिथं पायवाट केली. आता लोक मुद्दाम मोटारीनं तिथं जातात, चालायला. आमच्याकडं चालायला मुद्दाम कुणी जात नाही, म्हणून आम्ही दुसरा उपयोग काढला.

ढोकी सोडल्यावर येडशीच्या अलीकडं साडूंनी गाडी कडेला घेतली. "या, मोरी दाखवतो." शेताच्या बांधानं थोडं चालल्यावर जुना भराव दिसला, त्यावर बाभळी माजलेल्या. भरावाच्या पोटात एक मोरी, काळ्या दगडाची कमान. शंभर वर्षांत एक चिरा हललेला नाही. साडूंचा आवाज दाटून आला. आणि त्या कमानीखाली बघतो तर संसार.

संसार म्हणजे अगदी संसार. सोफ्याचा सांगाडा, स्प्रिंगा वर आलेल्या, तोंड ओढ्याकडं करून ठेवलेला. एखाद्याला बसून पाण्याची वाट बघता यावी असा. त्याच्या शेजारी कूलरच्या दोन जाळ्या, आतला वाळा काळा पडलेला. तीन पायांची प्लास्टिकची खुर्ची, चौथ्या पायाच्या जागी कुणीतरी प्रामाणिकपणे वीट लावलेली. वातीचा स्टोव्ह. लाकडी पाळण्याची एक बाजू. पाट्याचा अर्धा भाग, वरवंटा गायब. वरवंटे कधीच सापडत नाहीत, ते बहुधा दाराला अडसर म्हणून नोकरीला लागतात. दोन निळी पिंपं, बुडाशी तडकलेली.

त्या पिंपांशी मी थोडा वेळ थांबलो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या. मिरज आणि लातूर, बार्शी लाईटची दोन टोकं. कंपनीला कुणी सांगितलं असतं की तुमच्या वाटेनं पुढं पाणी जाईल, तर तिनं तिकीट कितीचं लावलं असतं कोण जाणे. त्या उन्हाळ्यात साडूंनी सात निळी पिंपं घेतली. मग पाऊस पडला. पिंपं राहिली. एकात आता ज्वारी आहे, एकात गाद्या, एकात साडूंचे जुने बूट, आणि उरलेल्या चारांत पाणी, कारण लातूरकर एकदा शिकलेलं विसरत नाही. तडा गेलेलं पिंप भंगारवालासुद्धा घेत नाही. पण तडा गेला तरी ते पिंपच, म्हणून पाण्याच्या वाटेवर आणून ठेवलेलं.

आणि देव. कमानीच्या आतल्या बाजूला, ओळीनं, भिंतीला टेकवून, ऊन लागणार नाही असे. काच फुटलेला दत्त, रंग उडालेली लक्ष्मी, कॅलेंडरावरून कापून चौकटीत बसवलेले विठ्ठल-रखुमाई, एक साईबाबा. देव भंगारात देता येत नाही, रद्दीत तर नाहीच. त्याला पाण्यात सोडायचं असतं. ओढ्याला पाणी नसलं तर ओढ्याशी बसवायचं आणि पुढचं पावसाळ्यावर सोपवायचं. इथं वर दगडी छप्पर, खाली ओढा, येणाऱ्या-जाणाऱ्याची वर्दळ नाही. बांधताना कॅलथ्रॉपच्या माणसांनी दिशा तेवढी बघितली असती, तर वास्तुशास्त्रातही बसलं असतं.

देवांच्या शेवटी एक फोटो होता तो देवाचा नव्हता. फेटा बांधलेले एक आजोबा. भरघोस मिशा, कोटाची तीन बटणं लावलेली आणि चौथं नव्हतंच. फोटो काढणाऱ्यानं हलू नका म्हणून सांगितलेलं त्यांनी फारच मनावर घेतलेलं दिसत होतं. चौकट सागवानी, वरच्या कोपऱ्यात वाळलेल्या हाराचा दोरा अडकलेला. फोटो पालथा पडला होता. मी उचलला, शर्टाच्या बाहीनं काच पुसली. कुणाच्या घरात भिंत रंगवायला काढली असणार. फोटो उतरवला असणार, आणि रंग झाल्यावर खिळा कुठं होता ते कुणाला आठवलं नसणार. मग आजोबा कपाटावर, माळ्यावर, जिन्याखाली असा सगळा प्रवास करत इथवर आले असणार.

मला माझं काम आठवलं. साडू भरावावर चढून डबा नंबर अमुक इथून दिसायचा वगैरे बघत होते. मी गाडीतून गठुडं आणलं आणि सोफ्यावर ठेवलं. ठेवल्यावर बरं वाटलं. चांगल्या ठिकाणी दिलं असं वाटलं. मिक्सरच्या भांड्यांना सोबत मिळाली, इस्त्रीला पाळणा मिळाला. आजोबांना जमिनीवर ठेवणं जिवावर आलं, म्हणून फोटो गठुड्याला टेकवून उभा केला. नमस्कार केला. ओळख नसताना नमस्कार करताना डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत हे कळेना, एक मिटला.

गाडी सुरू करून पन्नास पावलं गेलो असू. मागून हाक.

"आवं पावणंऽऽ! थांबा की!"

शेळ्या राखणारी एक मावशी शेतातून धावत येत होती. डोक्यावर माझं गठुडं. मागून शेळ्याही पळत होत्या, त्यांना वाटलं चाऱ्याचं काहीतरी आहे.

"तुमचं गठुडं राह्यलं की, मोरीत! म्या लांबनं बघितलं, तुमी इसरून चाललाव."

आता बोलायचं काय? विसरलो नाही, ठेवलं होतं, असं सांगावं तर ती विचारणार, कशाला. साडू माझ्याकडं बघत होते. मी मावशीच्या हाती पन्नासाची नोट ठेवली. ती नको म्हणाली, मग घेतली. वर म्हणाली, "चोरटी हैत ओ लोकं हितं. काय ठिवू ने." भंगारवाल्याला वीस द्यायचे टाळून मी पन्नासात तीच वस्तू परत मिळवली होती. वर कंधारहून नेणावळ वेगळी.

लग्न झालं. लग्नाचं काही सांगण्यासारखं नाही, शेंगदाण्याची आमटी चांगली होती. गठुडं साडूंच्या गाडीच्या डिकीत होतं आणि मांडवातल्या दोन पोरांनी तो आहेर समजून उचलून स्टेजवर नेता नेता वाचवला.

येताना साडूंना तेर दाखवायचं होतं. वाकडी वाट केली. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वीची बाजारपेठ, रोमपर्यंत व्यापार. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, उकिरड्यात, पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू जन्मभर गोळा केल्या. आता त्यांच्या नावानं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. काचेच्या कपाटात काय काय ठेवलंय! मातीची खेळणी, दिवे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, हस्तिदंताची बाहुली, फुटक्या मडक्यांचे काठ. मी एकेका कपाटापुढं थांबलो आणि मला हळूहळू घाम फुटला. हा तर आमचाच माळा. कुणा सातवाहनकालीन बाईनं आवरलेला, आणि नवऱ्याला सांगितलेलं, वाटेत कुठंतरी नीट ठेवून या.

तेर गोरोबाकाकांचंही गाव. कुंभारकामाच्या थापटण्यानं त्यांनी संतांची डोकी वाजवून बघितली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आमचा भंगारवालाही वस्तू हातात घेतली की बोटानं वाजवून बघतो. त्यानं कुकरचं झाकण वाजवलं होतं तेव्हाचा त्याचा चेहरा मला तिथं आठवला.

कंधारला आमच्याकडंही हाच प्रकार आहे. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे अवशेष गावात मिळालेत. लोक लांबून बघायला येतात. पूर्ण होती तेव्हा इतके आले होते का, शंका आहे. म्हणजे वस्तू बाहेर ठेवायची तर धीर धरावा लागतो. दहा-वीस वर्षं ती कचरा असते. शंभर वर्षांनी तिला कुणीतरी अँटिक म्हणतं. हजार वर्षांनी कुंपण, फलक आणि एक चौकीदार मिळतो. माझ्या इस्त्रीची अडचण एवढीच की तिची मधली वर्षं माझ्या डोळ्यांदेखत जाणार.

रात्री उशिरा कंधारला पोचलो. बायको जागी होती. दार उघडलं, आधी माझ्याकडं बघितलं, मग हातातल्या गठुड्याकडं.

"परत आणलंत?"

मी मावशीची हकीकत सांगितली. ती शांतपणे ऐकत गाठी सोडायला लागली. मिक्सरचं भांडं निघालं, दुसरं निघालं, रिमोट निघाले. मग तिचा हात थांबला.

"हे कोण?"

गुलाबांच्या गुच्छाला टेकून फेटेवाले आजोबा बसले होते. मावशीनं फोटो गठुड्याला टेकलेला बघितला, आमच्याच घरचा समजून आत नीट खोचून दिला होता. काचेला ओरखडा आलेला नव्हता.

"आपले नाहीत," मी म्हणालो.

"ते दिसतंय मला. पण आता यांना ठेवायचं कुठं?"

कपाटावर ठेवावं असं मी सुचवलं नाही. बैठकीत घड्याळाच्या जागी एक खिळा रिकामा होता. सध्यापुरतं म्हणून तिथं लावला. सध्या म्हणजे आता सात महिने झाले. सर्वपित्रीला बायकोनं ताट वाढताना सगळ्या पितरांची नावं घेतली, मग फोटोकडं बघून एक भजं जास्त वाढलं. इस्त्री माळ्यावर परत गेली. मिक्सरच्या एका भांड्यात तुळस लावलीय, चांगली आलीय.

गेल्या आठवड्यात माझी थोरली आत्या देगलूरहून आली होती. वय नव्वदीच्या घरात, नजर अजून शाबूत असा तिचा दावा. बैठकीत टेकली, पाणी प्याली, भिंतीकडं बघत राहिली. बराच वेळ काही बोलेना. मग पदरानं डोळे टिपून मला म्हणाली, "चांगलं केलंस बाबा, आण्णांचा फोटो लावलास. तुझं नाक अगदी त्यांच्यावर गेलंय बघ."